तेल लावून ठेवलेला पुरावा

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी पुष्कळ पुरावे गोळा केले. काही विहिरीतून काढले, काही कडब्याच्या गंजीतून. आणि एक पुरावा मी माझ्या स्वतःच्या हातानं, ओल्या फडक्यानं, चारही कोपरे धरून पुसून टाकला. वर खोबरेल तेलाचा हात फिरवला. ती घटना विसरायचा मी बराच प्रयत्न केला, पण एकदा घरात सांगून बसले आणि आता नातवंडं विसरू देत नाहीत. घरात काही सापडेनासं झालं की म्हणतात, "आजीनं पुसलं असेल." तेव्हा म्हटलं, दुसऱ्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच लिहून मोकळं व्हावं. नावं मात्र कुणाचीच घेत नाही. माझंसुद्धा नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीजवळच्या चौकीत मी शिपाई होते. फौजदार होऊन निवृत्त व्हायला अजून कितीतरी वर्षं होती, पण रुबाब पहिल्या दिवसापासून फौजदाराचा. चौकीत बाईमाणूस मी एकटीच. कायद्याचं पुस्तक उशाखाली घेऊन झोपायची. त्यातलं डोक्यात फारसं शिरलं नसावं, बरंचसं उशीतच राहिलं असावं.

अक्षर बरं असल्यामुळं चौकीतलं सगळं लिखाण माझ्याकडं आलं होतं. सकाळची हजेरी झाली की स्टेशन डायरी मी लिहायची, फिर्याद मी लिहायची, पंचनामा मी लिहायचा. आमचे जमादार पन्नाशीचे होते आणि पंचनाम्याचं नाव काढलं की त्यांचे गुडघे दुखायला लागत. ते सांगत, "बाई, पंचनाम्यात जे दिसतं ते लिहायचं. जे वाटतं ते लिहायचं नाही." मी हे वाक्य इतकं मनावर घेतलं होतं की एका सायकलचोरीच्या पंचनाम्यात सायकलच्या घंटीला गंज किती बोटं चढला आहे, हेसुद्धा लिहून ठेवलं होतं. फौजदारसाहेबांनी ते वाचून नुसतं माझ्याकडं बघितलं होतं. मला ते कौतुक वाटलं.

एका सकाळी वस्तीतला कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानाचा मालक फिर्याद घेऊन आला. पांढरं धोतर, कपाळाला गंध, आणि घाम. म्हणाला, "बाईसाहेब, दुकानातला फळा चोरीला गेला."

कंट्रोलच्या दुकानासमोर एक फळा टांगलेला असायचा. दुकानात काय माल आला, किती शिल्लक आहे, वाटप चालू आहे की बंद, हे दुकानदारानं त्यावर खडूनं लिहायचं असा नियम होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून. आमच्या भागात तो नियम फळ्यासारखाच टांगलेला असायचा.

"फळा?" जमादारांनी विचारलं. "फळा कोण चोरतंय?"

"तेच तर! सरकारी नियमाचा फळा आहे, जमादार. निरीक्षक येतील, विचारतील. मला आजच्या आज परत पाहिजे."

"कुणावर संशय?"

"कुणावर नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "फक्त फळा मिळाला की झालं."

संशय नाही म्हणणारा फिर्यादी पहिल्यांदा तपासावा, हे मला पुढं वीस वर्षांनी कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढं कळलं की हा माझा पहिला स्वतंत्र तपास आहे. मी दोन दिवस वस्तीत फिरले. फळा बघितला का म्हणून विचारलं की बायका विडीचं सूप मांडीवर घेऊन मला उलट विचारायच्या, "कसला फळा? शाळेतला? किती लांब? किती रुंद? रंग कसला?" मी सगळं सांगत बसायची. शेवटी वस्तीतल्या प्रत्येक बाईला फळ्याचं वर्णन मीच पाठ करून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी खबर आली. एक विडीकामगार बाई चौकीच्या नळावर पाणी प्यायला आली आणि ओंजळीतूनच कुजबुजली, "अव्वाच्या घरी बघा की. चुलीमागं काय तरी काळं हाय." एवढं बोलून पाणी न पिताच गेली. मी जमादारांना म्हटलं, "माझा खबऱ्या!" आवाज इतका मोठा होता की नळावरचे दोघे वळून बघायला लागले.

अव्वा म्हणजे अक्कलकोटकडून आलेली विधवा म्हातारी. कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच दमात बोलायची. सगळी गल्ली तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणायची. घरात बाईमाणूस एकटी, म्हणून झडतीला मी हवीच होते. जमादार दारातल्या बाजेवर बसले आणि गुडघे दाबायला लागले. गल्लीतले दोन पंच घेतले. दुकानदारही आला, फळा ओळखायला.

फळा चुलीमागंच होता. काजळी लागलेला, पण मजकूर स्पष्ट. दुकानदारानं तो बघितला आणि धोतराचा सोगा हातात घेऊन पुढं झाला. मी त्याच्या हातावर चापट मारली.

"मुद्देमालाला हात लावायचा नाही!"

काय तो माझा आवाज! आजही आठवला की मला माझं हसू येतं, आणि पुढचं आठवलं की ते हसू जातं.

मी मांडी घालून पंचनामा लिहायला बसले. फळ्याची लांबी लिहिली, रुंदी लिहिली, उजव्या कोपऱ्यातली खोच लिहिली. अव्वा शेजारी बसून विडी वळत होती. म्हणाली, "वर काय लिवलंय त्ये बी लिव की."

"तुम्ही मला शिकवू नका, आजी. दिसतं ते सगळं लिहायचं असतं."

"हौदु, हौदु. खरं हाय. मागं माझी घागर चोरीला गेल्ती, तवा पोलिसांनी घागरीवरचं नाव बी लिवलं हुतं. तारीख बी लिव."

फळ्यावर त्याच आठवड्यातली तारीख होती. खाली लिहिलं होतं: मिलो पस्तीस पोती, साखर आठ पोती, रॉकेल सहा पिंप. वाटप चालू आहे. मिलो म्हणजे बाहेरच्या देशातून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी करायला गेलं की तुटायची, पण त्या दिवसांत तीही मिळाली तर मिळाली. मी मजकूर शब्दन् शब्द उतरवला.

दुकानदार अस्वस्थ झाला. "अहो, एक फळा, असं लिहा ना. आतलं कशाला?"

"मग हा तुमचाच फळा, हे कशावरून?"

त्यानं एकदा फळ्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. फळा तर पाहिजेच होता. म्हणाला, "अक्षर माझं आहे. रोज मीच लिहितो."

तेही मी लिहिलं. नियमाप्रमाणं पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवला. पंचांनी अंगठे दिले. दुकानदारानं सही केली. चोरीच्या बंडलात जाणारा कागद पुन्हा कोण उघडतं, असा त्याचा हिशोब असणार. अव्वानं मान हलवत हलवत सगळं ऐकलं, आणि शेवटी म्हणाली, "छान वाचतीस की गं, यव्वा." मी खूष झाले.

चौकीत आणून मी तिची कसून चौकशी केली. कसून म्हणजे मी उभी आणि ती बाकावर सूप घेऊन बसलेली.

"फळा का चोरला?"

"चोरला न्हाय. डोक्यावर घिऊन भर बाजारातनं आनला. चोर असा येतो व्हय?"

"मग आणला कशाला?"

"दोन म्हैने झाले, दुकानदार म्हनतोय धान्य आलं न्हाय. इल्ला, इल्ला! परवा निरीक्षक येनार म्हून त्यानं फळा लिवला. आमच्यातल्या एकीनं वाचला, चौथी शिकलीया ती. फळा म्हनतोय हाय, दुकानदार म्हनतोय न्हाय. दोघातलं कोन तरी खोटं बोलतंय. आता दुकानदार काय मला उचलत न्हाय, लई जाड हाय. म्हून फळा उचलला."

जमादार खिडकीकडं तोंड करून खोकले.

"मग तक्रार का केली नाही?"

"केली की! पुरवठ्याच्या हापिसात गेलो आमी बारा बायका. तितला कारकून म्हनला, 'खडूनं कुनी बी लिवतंय. लेखी आना.' आमाला लिवता येत असतं तर हितं विड्या वळल्या असत्या व्हय?"

मी तिला समज दिली की कायदा हातात घेता येत नाही. तिनं समज घेतली आणि विडी वळत राहिली. फौजदारसाहेबांनी रोजच्या हजेरीवर तिला सोडलं. ती रोज सकाळी सूप घेऊन यायची आणि बाकावर काम करत बसायची. जमादारांनी एकदा सहज हात पुढं केला, तर म्हणाली, "कारखान्याच्या हायत. मोजून द्याव्या लागत्यात. तुमचं सरकार न्हाय ह्ये." चोरीचा गुन्हा कायम झाला तर कारखाना तिला पान-तंबाखू देणं बंद करणार, हे तिनं सांगितलं नाही. ते मला नळावरच्या त्या बाईनं सांगितलं. तिच्या घरात तेवढंच एक काम होतं.

आणि इथं माझा पराक्रम येतो.

वरिष्ठ साहेबांची चौकीला तपासणी होती. आम्ही दोन दिवस चौकी घासत होतो. बक्कल चमकवले, बाक धुतले, डायऱ्यांना नवी कव्हरं घातली. मुद्देमालाची कोठी माझ्याकडं होती. प्रत्येक वस्तूला लेबल, दोरा, लाखेचा शिक्का. सायकल पुसली. घागरी चिंचेनं घासल्या. मग फळा दिसला. काजळी, खडूची धूळ, बोटांचे डाग. मला शरम वाटली. साहेब काय म्हणतील? ओलं फडकं घेतलं. एकदा पुसला, दोनदा पुसला. तरी पांढरट दिसत होता, म्हणून घरून आणलेल्या बाटलीतलं खोबरेल लावलं. आरशासारखा झाला. त्यात मी माझं तोंड बघितलं आणि समाधानानं केस नीट केले.

तपासणी उत्तम झाली. वरिष्ठ साहेब कोठीतून जाताना म्हणाले, "स्वच्छता चांगली आहे." मी त्या आनंदात दोन दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

तिसऱ्या दिवशी चौकीसमोर बारा बायका येऊन बसल्या. त्यांनी कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला होता आणि तो थेट पुरवठा अधिकाऱ्यांच्या हातात दिला होता. अधिकारी स्वतः आले होते. चष्मा लावणारे, कमी बोलणारे गृहस्थ. दुकानदारालाही बोलावलं होतं. अव्वा बाकावर होतीच.

फौजदारसाहेबांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, "चोरी म्हणायला अप्रामाणिक हेतू लागतो. ही बाई म्हणते की फळ्यावर धान्य आहे असं लिहिलं होतं, ते दाखवायला तिनं तो नेला. ते खरं असेल तर गुन्हा वेगळाच आहे, आणि तो हिचा नाही. ते खरं नसेल तर ही चोर आहे. बाई, मुद्देमाल आणा."

मी कोठीत गेले. दार उघडलं. खिडकीतून आलेल्या उन्हात फळा चकाकत होता.

मी पाच मिनिटं तिथंच उभी होते. जमादार बघायला आले. त्यांनी फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बोटानं फळा चाचपून बोट नाकाशी नेलं.

"खोबरेल?"

मी मान हलवली.

"बाई, मुद्देमालाची वेणी घालायची तेवढी राहिली."

फळा बाहेर नेला. आधी दुकानदाराचा चेहरा उजळला. "बघा साहेब," तो म्हणाला, "कोरा फळा. कोराच होता. ह्या बायकांनी काहीतरी..." मागच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला.

साहेब माझ्याकडं वळले. "हे कुणी पुसलं?"

"मी, साहेब." आवाज मांजराच्या पिलासारखा आला. "तपासणी होती म्हणून."

साहेबांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला समोर अव्वा दिसत होती. माझ्यामुळं ती आता चोर ठरणार होती, आणि तिच्या घरातलं सूप रिकामं होणार होतं. मला रडू यायला लागलं. गणवेशात रडायचं नाही, असंही पुस्तकात होतं.

अव्वानं हातातली विडी दोऱ्यानं बांधली, सुपात ठेवली आणि म्हणाली, "यव्वा, वाच."

"काय वाचू, अव्वा? काही राहिलं नाही."

"त्यो कागद वाच. मांडी घालून लिवलास त्यो. माझ्या घरात वाचून दावलास त्यो."

मी खुळ्यासारखी तिच्याकडं बघत राहिले. जमादारांचे गुडघे त्या दिवशी दुखत नव्हते. ते उठले, बंडल काढलं, पंचनामा माझ्या हातात दिला. मी वाचायला लागले. लांबी, रुंदी, उजव्या कोपऱ्यातली खोच. दुकानदार म्हणाला, "ह्याचा काय संबंध?" पुरवठा अधिकाऱ्यांनी त्याला हातानं थांबवलं. तारीख वाचली. मिलो पस्तीस पोती. साखर आठ पोती. रॉकेल सहा पिंप. वाटप चालू आहे. मग मी पुढचं वाक्य वाचलं आणि माझा आवाज परत आला: "सदर फळा माझाच असून त्यावरील अक्षर माझे आहे, असे फिर्यादीने पंचांसमक्ष सांगितले." खाली त्याची सही. सुंदर, गोलाकार, शेपटीवाली.

अधिकाऱ्यांनी कागद घेतला. चष्मा वर करून सही बघितली. मग दुकानदाराला शांतपणे विचारलं, "पस्तीस पोती. वाटप चालू. कुणाला वाटली?"

दुकानदार घाम पुसायला लागला. बारा बायकांनी एकदम आपापली रेशनकार्डं वर धरली. दोन महिन्यांची पानं कोरी होती.

दुपारपर्यंत पोती सापडली. दुकानात नव्हतीच. त्याच्याच नात्यातल्या एकाच्या मागाच्या शेडमध्ये होती, वर नव्या चादरींचे गठ्ठे रचून. झडतीला मीही होते. मी प्रत्येक पोत्याची शिवण कुठल्या रंगाच्या सुतळीची आहे, ते लिहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. चोरीचा गुन्हा निकाली निघाला, दुकानदारावर दुसरा गुन्हा नोंद झाला, परवाना गेला, आणि त्याच आठवड्यात वस्तीत वाटप झालं.

दोन गोष्टी मला नंतर कळल्या. नळावर पाणी न पिता गेलेली माझी ती खबऱ्या अव्वानंच पाठवलेली होती. फळा खडूचा, तो पुसता येतो. पोलिसांनी शाईनं लिहून त्याच्यावर दुकानदाराची सही घेतली की पुसता येत नाही, हे तिनं आधीच ताडलं होतं. घागरीच्या वेळी शिकली होती म्हणे. म्हणजे तपास मी करत नव्हतेच. माझ्याकडून तो करून घेतला जात होता. दुसरी गोष्ट, साहेबांनी माझ्या सेवापुस्तकात शेरा मारला होता. मी ते पुस्तक बरीच वर्षं उघडून बघितलं नाही. शेवटी बघितलं तेव्हा लिहिलं होतं: "लिखाण उत्तम. फडकं देऊ नये."

लोक आता मला विचारतात, त्या प्रकरणानं काय शिकवलं. आता माहिती मागायचा कायदा आहे, मोबाइलवर सगळं दिसतं म्हणे. चांगलं आहे. पण एवढ्या वर्षांत मी एक बघितलं. सरकार काय करतंय ते लिहून टांगलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं ते वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या आणि "पुन्हा वाच" म्हणणाऱ्या माणसांनी करायचं असतं. आणि मधल्या माणसानं, विशेषतः गणवेशातल्या माणसानं, ते आपल्या मेहरबानीनं झालं असं समजू नये. ही शेवटची गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही.

वाटपाच्या दिवशी मी मुद्दाम दुकानासमोर गेले होते. नवीन दुकानदार होता, नवा फळा होता. रांगेत अव्वा पिशवी घेऊन उभी होती. मी तिच्याजवळ गेले, गणवेश नीट केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अव्वा, आता मी आहे ना. पुढं कधी काही अडलं तर सरळ माझ्याकडं यायचं."

अव्वानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली:

"तुझ्याकडं कशाला येऊ? तुझी बदली माळशिरसला झाली, तर मी पिशवी घिऊन माळशिरसला येऊ व्हय? त्यानं फळ्यावर लिवायचं, आमी वाचायचं, आन् त्यानं माप घालायचं. मधी तू कशाला पायजेस?"